एका विद्यार्थिनीची नियमावली

मोरगावच्या गणपतीची शपथ घेऊन सांगतो, यातलं एक अक्षरही पदरचं नाही. आता ही शपथ मी चालत्या एसटीतून घेतली होती आणि मधे मालट्रक आल्यामुळं कळसही धड दिसला नव्हता, तेव्हा ती कितपत लागू होते मला ठाऊक नाही. थोडंफार पदरचं असेलच. पण ते ओळखायला जाल तर हमखास खऱ्यावरच बोट ठेवाल, एवढं सांगून ठेवतो.

किस्से साठतात कसे, तर गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्या साठतात तसे. एक पुढं सरकली की मागं दोन येऊन लागतात. आमच्या भाषाशास्त्र विभागाला तर विद्यापीठच ट्रॉल्या पाठवायचं. एम.ए.च्या नियमावलीत काही ना काही बदल व्हायचा आणि त्याचं परिपत्रक शुक्रवारी दुपारीच यायचं. शुक्रवारीच का, तर शनिवार-रविवारी फोन करून कुणी अर्थ विचारू नये म्हणून, असं भाऊसाहेबांचं म्हणणं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या ऑफिसातले क्लार्क. बदल आला की ते आधी झेरॉक्स काढायचे आणि मग वाचायचे.

आमचं कॉलेज बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे. फाट्याचं नाव सांगत नाही, माझी नोकरी अजून शिल्लक आहे. विभागात घाडगे मॅडम प्रमुख आणि दुसरा मी. म्हणजे एक सरकार आणि एक जनता.

* * *

त्या वर्षी एम.ए. भाषाशास्त्राला चौघांनी प्रवेश घेतला. एकजण पोलीस भरतीत गेला. एकीचं लग्न ठरलं. एकजण ओळखपत्राचा फोटो काढायला म्हणून बाहेर पडला, तो अजून केस विंचरत असावा. उरल्या सुनीता वहिनी.

वहिनी चाळिशीच्या. माहेर मोरगावकडचं, सासर इंदापूरकडं, घरची डाळिंबाची बाग. त्यांच्या मिस्टरांची नि माझी जुनी ओळख म्हणून मी वहिनी म्हणायचो. महिन्याभरात घाडगे मॅडमही म्हणायला लागल्या.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "वहिनी, भाषाशास्त्रच का घेतलंत?"

"मराठीचा तास सकाळी सातला असतोय सर. आमची एसटी अकराला येती. तुमचा तास साडेअकराला."

विषयनिवडीचं इतकं सडेतोड कारण मी पीएच.डी.च्या मुलाखतीतसुद्धा ऐकलेलं नाही.

पण आत दुसरं कारण होतं. गावाजवळच्या एका सकाळी भरणाऱ्या शाळेत वहिनी तात्पुरत्या शिकवत होत्या. संस्थेनं त्यांना सांगितलं होतं, दोन वर्षांत, जूनच्या आत भाषेतलं एम.ए. पूर्ण करा, जागा तुमची. नाही झालं तर सचिवांचा भाचा तयार आहे. आणि भाचा खरोखरच तयार होता. कडक इस्त्रीचा शर्ट घालून रोज शाळेच्या गेटाशी उभा असायचा.

"मी आत जाताना नमस्कार करतोय," वहिनी म्हणाल्या. "लय वाकून करतोय. म्हणून भ्या वाटतं."

तेव्हापासून नियमावलीत काहीही बदललं की आमच्या विभागात पहिला प्रश्न यायचा, "भाच्याचं काय?"

* * *

पहिला बदल असा, की इंटर्नलचे वीस गुण यापुढं समूहचर्चेवर. समूहात किमान पाच जण हवेत आणि चर्चेचं चित्रण विद्यापीठाला पाठवायचं.

"अहो, वहिनी एकट्या आहेत," मी म्हणालो.

"पाच जण म्हटलंय. पाच विद्यार्थी कुठं म्हटलंय?" भाऊसाहेब म्हणाले. नियमातली फट शोधण्यात त्यांचा हात धरील असा माणूस दोन्ही तालुक्यांत नाही.

झालं. वहिनी, स्वतः भाऊसाहेब, कॅन्टीनचे पोपटराव, कॉलेजच्या गाडीचा ड्रायव्हर आणि वहिनींना सोडायला आलेले त्यांचे मिस्टर, असा समूह जमला. विषय होता, 'बोलीभाषा टिकतील का?' सुरुवातीला सगळे बोलींवर बोलले. मग पोपटराव म्हणाले, "बोली टिकंल हो, पण कारखान्याच्या इलेक्शनला आपलं पॅनेल टिकंना." तिथून पुढं भाषाशास्त्र संपलं. वहिनींनी बोलायला तोंड उघडलं की मिस्टरच म्हणायचे, "थांब गं जरा, मुद्द्याचं चाललंय."

मॅडमनी चित्रण बघून प्रामाणिकपणे गुण दिले. भाऊसाहेबांना वीसपैकी अठरा. वहिनींना सहा.

"सहा? अशानं शाळेत भाचा आत जाईल, मॅडम," मी म्हणालो.

"व्हिडिओत दिसतंय ते दिसतंय. मी काय करू?"

"माझ्यातलं बारा त्यांच्याकडं वळतं करा," भाऊसाहेब म्हणाले. "मला काय, मी झेरॉक्सच काढणार हाय."

गुण वळते करण्याची सोय सोसायटीत असते, विद्यापीठात नसते. दुसऱ्या दिवशी चर्चा नव्यानं घेतली. मिस्टरांना गाडीतच बसवून ठेवलं आणि त्यांच्या जागी वहिनींच्या सासूबाई आणल्या. कॅमेरा सुरू झाला. वहिनींनी एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं, एकदा सासूबाईंकडं बघितलं, आणि लग्न झाल्यापासूनचं सगळं बोलून घेतलं. विषय बोलीभाषेचाच होता, उदाहरणं तेवढी घरची होती. सासूबाई दोनदा "अगं पण" म्हणाल्या.

वहिनींना एकोणीस पडले. एक गुण मॅडमनी कापला, 'इतरांना बोलू देणे' या सदराखाली.

* * *

पुढचा बदल हजेरीचा. प्रत्येक तासाचा फोटो ॲपवर चढवायचा, आणि फोटोवर जागा व वेळ उमटलेली हवी. वर्ग रिकामा दिसला की प्राचार्यांच्या मोबाइलवर थेट निरोप जायचा.

आता चाळीस जणांच्या वर्गात एक माणूस आला नाही तर काही बिघडत नाही. आमच्याकडं एक माणूस आला नाही की अख्खा वर्ग दांडी मारायचा.

डाळिंबाची तोडणी निघाली आणि वहिनींचा फोन आला, "सर, यायला जमणार न्हाय. गाडी भरायची हाय." मॅडम म्हणाल्या, वर्ग इकडं येत नसेल तर आपण वर्गाकडं जाऊ. गेलो. बागेत एका झाडाखाली मॅडमनी वाक्यरचनेवर शिकवायला सुरुवात केली. वहिनी तोडता तोडता ऐकत होत्या. सासूबाई बांधावर बसून आमच्याकडं बघत होत्या.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बाई, तोंडानंच शिकिवताय न्हवं?"

"हो आजी."

"मग हात रिकामंच हायती. तेवढं क्रेट धरा."

मॅडमनी क्रेट धरला. मला कात्री मिळाली. तास संपला तेव्हा निम्मी ओळ तोडून झाली होती आणि वाक्यरचना तिथंच राहिली होती. फोटो मात्र नियमाप्रमाणं चढवला. जागा, वेळ, सगळं उमटलेलं. मधे विभागप्रमुख, डोक्यावर क्रेट.

विद्यापीठाचं उत्तर आलं. क्षेत्रभेटीचा उपक्रम अनुकरणीय आहे, इतर विभागांनी आदर्श घ्यावा.

* * *

मग आला विद्यार्थ्यांचा निनावी अभिप्राय. शिक्षकांविषयी विद्यार्थ्यांनी मोकळेपणानं मत द्यायचं, नाव लिहायचं नाही. विद्यापीठानं त्याची टक्केवारी काढून परत पाठवली आणि मॅडमनी ती विभागाच्या बैठकीत वाचली. बैठकीला मी होतो, आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून वहिनी.

"शंभर टक्के विद्यार्थ्यांचं असं मत आहे," मॅडम वाचू लागल्या, "की सर शिकवतात कमी आणि गप्पा जास्त मारतात. अभिप्राय कुणी दिला हे शोधायचा प्रयत्न करू नये, अशी सक्त सूचना आहे."

मी वहिनींकडं बघितलं. वहिनी पंख्याकडं बघत होत्या.

"कोण असंल हो?" त्या म्हणाल्या.

त्याच परिपत्रकात आणखी एक कलम होतं. वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी आणि सर्वांत मंद विद्यार्थी कोण ते कळवा, आणि आठवड्यातून एक तास हुशारानं मंदाला शिकवावं. आम्ही दोन्ही रकान्यांत वहिनींचं नाव भरलं. दुसरं होतंच कोण?

पहिल्या गुरुवारी भाऊसाहेब वर्गावरून चालले होते. आत वहिनी एकट्याच पुस्तक उघडून बसलेल्या.

"काय चाललंय, वहिनी?"

"शिकिवतीय."

"कुणाला?"

"जी मंद हाय तिला."

"येतंय का काही तिला?"

"तिला येतंय हो," वहिनी म्हणाल्या. "शिकिवणारीच कच्ची हाय."

* * *

सगळ्यांत मोठी ट्रॉली आली ती ओजेटीची. म्हणजे विद्यार्थ्यानं कामाच्या ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं आणि तिथून प्रमाणपत्र आणायचं. आम्ही एका बँकेत विचारलं, एका दूध डेअरीत विचारलं. डेअरीचा मॅनेजर म्हणाला, "भाषाशास्त्र म्हणजे टायपिंगच ना?"

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "माझं वडील शेळ्यांच्या बाजारात दलाली करत्यात. तितं टावेलाखाली बोटांनी बोलत्यात. ते भाषेत बसतं का?"

मॅडम खुर्चीतून उठल्या. बसतं म्हणजे काय!

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघंजण हातात हात देतात, वरून टॉवेल टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती कितीही माणसं उभी असोत, कुणाला काही कळत नाही. वरती दोघांचे चेहरे असे, की भाचीच्या लग्नाचं बोलणं चाललंय.

आता परक्या व्यापाऱ्याच्या टॉवेलाखाली वहिनींनी हात घालणं बाजाराला चालणार नव्हतं. त्यांच्या वडिलांना सगळे बापू म्हणतात. बापू म्हणाले, "तुमी गाइड न्हवं? मग तुमी बसा म्होरं. लेक बघंल आन् लिवून घील." मला गुलाबराव नावाच्या व्यापाऱ्यासमोर बसवलं.

आमच्या धंद्याला एक खोड आहे. गावोगाव बोलीचे नमुने गोळा करताना समोरचा एखादा शब्द बोलला की आम्ही तोच शब्द तसाच्या तसा त्याला म्हणून दाखवतो. आपण बरोबर ऐकलं का, याची खात्री. उभी नोकरी हेच केल्यावर ते हाडात मुरतं. गुलाबरावांनी टॉवेलाखाली माझी बोटं दाबली. मी खात्रीसाठी त्यांची तेवढीच बोटं दाबली. त्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा दाबली. मीही पुन्हा दाबली. गुलाबरावांनी टॉवेल झटकला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेळीची दोरी माझ्या हातात दिली.

"हे काय?" मी वहिनींना विचारलं.

"घेतली तुमी," वहिनी लिहिता लिहिता म्हणाल्या.

"पण मी भाव कुठं केला?"

"तेच बापू म्हणत्यात. सर लय दिलदार. पहिल्याच बोलीला व्हय म्हणले, आन् वरनं परत एकदा व्हय म्हणले."

शेळी घेऊन मी एसटीनं घरी आलो. बायकोनं तिचं नाव ओजेटी ठेवलं. वहिनींचं प्रमाणपत्र बापूंनी पुढच्या बाजाराला दिलं. 'लेक कामाला चांगली आहे. गाइडला परत पाठवू नये.'

* * *

वहिनींनी शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट त्यावरच घेतला. टॉवेलाखालचे आकडे तर बाजारात शेंबडं पोरही ओळखतं. पण व्यापारी एकमेकांशी त्याच्या पलीकडंही बरंच बोलतात. मालक अडलेला आहे. जनावरात खोट आहे. हे गिऱ्हाईक घेणार नाही, नुसतंच हात गरम करतंय. कुठल्या खुणेचा काय अर्थ, ते बापूंनी लेकीला शिकवलं, पण एका अटीवर. कागदावर उतरवायचं नाही. सगळ्या व्यापाऱ्यांच्या वतीनं बापूंनी तिच्याकडून शब्द घेतला, कारण उद्या ते छापलं गेलं असतं तर बाजारात बापूंच्या हातात कुणी हात दिला नसता.

प्रोजेक्ट लिहून झाला, आणि शुक्रवार उजाडला. नवा बदल असा, की माहिती देणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी आणि गोळा केलेली सगळी माहिती परिशिष्टात जोडावी. परिशिष्ट नसेल तर तोंडी परीक्षा घेऊ नये.

संमतीसाठी मी गुलाबरावांना भेटलो. ते म्हणाले, "सही? सही करायची आसती तर टावेल कशाला लागला आसता, सर?" बरीच मनधरणी केल्यावर 'आम्ही बोललो' एवढ्याच वाक्याखाली त्यांनी सही केली. काय बोललो, त्याला सही नाही.

राहिलं परिशिष्ट. मॅडमनी वहिनींना समजावलं, "एक साधा तक्ता जोडा. ही खूण, हा अर्थ. कपाटात जाऊन पडेल, कोण वाचतंय?"

"बापूंना शब्द दिलाय, मॅडम."

"आणि परीक्षा झाली नाही तर? जून आला. भाचा गेटातच उभा आहे."

वहिनींनी प्रोजेक्टचे कागद स्वतःकडं ओढले. मग म्हणाल्या, "त्यो उभा हाय ते माझ्या जागंवर. बापू उभं हायत ते शब्दावर. माझं काय करायचं ते करा, तक्ता मागू नका."

शेवटी भाऊसाहेबांनी परिपत्रक पुन्हा उचललं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "परिशिष्ट जोडावं म्हटलंय. ते कोरं नसावं असं कुठं म्हटलेलं दिसत न्हाय."

प्रोजेक्टच्या शेवटी आम्ही एक पान बांधलं. वर लिहिलं 'परिशिष्ट अ'. खाली काही नाही. विद्यापीठात प्रोजेक्टची चोरी तपासणारं सॉफ्टवेअर आहे. त्यानं प्रत्येक पानाला काही ना काही टक्के चोरी लावली. निर्मळ निघालं ते एकटं परिशिष्ट अ.

* * *

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक मॅडम आल्या. कडक बाई. नियमावली तयार करणाऱ्या समितीवर होत्या, म्हणजे परिशिष्टाचं कलम त्यांचंच. खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी प्रोजेक्ट मागच्या बाजूनं उघडला.

"हे काय आहे?"

"परिशिष्ट अ, मॅडम," वहिनी म्हणाल्या.

"कोरं आहे."

"व्हय."

"मग माहिती कुठं आहे?"

"हाय की. हातात हाय."

परीक्षक मॅडमनी चष्मा काढला. "हे बघा, हा नियम मी लिहिलाय. माहिती तपासल्याशिवाय मला एकही गुण देता येणार नाही."

"तपासा की," वहिनी म्हणाल्या. "कागदावर द्यायची न्हाय, एवढाच शब्द हाय. तुमी हात द्या."

मॅडमनी दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं आणि हात पुढं केला. वहिनींनी वर रुमाल टाकला.

सुरुवातीला मॅडमचा चेहरा दवाखान्यात नाडी दाखवायला बसल्यासारखा होता. मग एक भुवई वर गेली. मग दुसरी. मधेच त्या हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. हात मागं घ्यायला गेल्या, वहिनींनी सोडला नाही. थोड्या वेळानं मॅडमचा खांदा हलला. म्हणजे आता त्याही काहीतरी बोलत होत्या. वहिनींनी मान हलवली, नाही. मॅडमनी पुन्हा काही सांगितलं. पुन्हा नाही. मॅडमनी एक मोठा श्वास सोडला आणि तिसऱ्यांदा काहीतरी दाबलं. वहिनींनी रुमाल झटकला.

"ठरलं?" वहिनींनी विचारलं.

"ठरलं," मॅडम म्हणाल्या, आणि पेन उघडून त्यांनी गुणपत्रकावर गुण लिहिले. शेऱ्यात लिहिलं, 'माहिती प्रत्यक्ष तपासली.'

निकाल वेळेत लागला. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा वहिनी कायम शिक्षिका म्हणून आत गेल्या. भाच्यानं नमस्कार केला म्हणे, पण पहिल्यासारखा वाकून नाही.

घाडगे मॅडमना मात्र अजून चैन नाही. वहिनी भेटल्या की त्या विचारतात, "त्या दिवशी ठरलं काय, ते सांगा तरी."

वहिनी म्हणतात, "बाजारातलं बाजारात, मॅडम."

आता पदरचं कुठलं, ते सांगून टाकतो. तोंडी परीक्षेच्या वेळी मी खोलीत नव्हतो. नव्या नियमावलीप्रमाणं गाइडला आत बसता येत नाही. मी, घाडगे मॅडम आणि भाऊसाहेब व्हरांड्यात उभे होतो आणि दार बंद होतं. आतलं बोलणं, भुवया, मोठा श्वास, सगळं मी रचलंय. आम्हाला ऐकू आली ती नुसती शांतता, आणि ती फार वेळ चालली.

परीक्षक मॅडम बाहेर आल्या तेव्हा उजवा हात चोळत होत्या, तेवढं मात्र खरं आहे.